डिझेल घ्या, पण मायलेजसाठी घेऊ नका

वाई तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय. मोठं आहे म्हणून मुद्द्याचं तेवढंच देतो.

"दादा, आम्ही वाईतनं पाचगणीच्या हॉटेलांना आणि दोन-तीन शाळांच्या मेसला भाजी, दूध, पनीर, किराणा पुरवतो. आठवड्यातनं तीन-चार वेळा महाबळेश्वरपर्यंत जावं लागतं. आजवर भाड्याच्या छोटा हत्तीवर भागवलं, आता स्वतःची गाडी घ्यायचीय. सीझनला माल रोज 700 ते 1000 किलो, पावसाळ्यात 300-400. महिन्यातनं आठ-दहा दिवस एका फेरीत मावत नाही. आमचे हे म्हणतात डिझेल पिकअपच, घाटात दुसरं काही चालत नाही. धाकटे दीर म्हणतात डिझेल दहा वर्षांत बंद होणार आणि ते बीएस6चं (नव्या प्रदूषण नियमाचं) झंझट कोण निस्तरणार, पेट्रोल घ्या. सासरे म्हणतात ट्रॅक्टरचा डिझेलचा बॅरल घरात आहेच. शोरूमवाला सीएनजीच्या मागं लागलाय. माझ्याकडं दोन कोटेशन आहेत, 1.2 लिटर पेट्रोलचा छोटा ट्रक 740 किलो पासिंगचा (म्हणजे कागदोपत्री तेवढाच माल भरता येतो), आणि दीड लिटर डिझेलची पिकअप 1300 किलोची, डिझेल 2 लाख 20 हजारांनी महाग. वही माझ्याकडं असते त्यामुळं हप्ता मलाच दिसणार. काय करू?"

ताई, आधी उत्तर सांगतो मग बाकीचं. डिझेल घ्या. पण दाजी म्हणतात म्हणून नको, आणि मायलेज मिळतंय म्हणून तर अजिबात नको. मायलेजच्या पैशावर ही गाडी फिटत नाही, हे वहीत मांडलं की तुम्हालाच दिसेल.

मांडूच. तुम्ही लिहिलेल्या फेऱ्यांवरनं सीझनला महिन्याचं रनिंग 1800 किलोमीटरच्या आसपास जातंय, पावसाळ्याच्या चार महिन्यांत 800 धरू, म्हणजे वर्षाचे झाले 17,600. भाव मी पेट्रोल 104 आणि डिझेल 91 धरतोय, तुमच्या पंपावर आज जो असेल तो घाला. भरून वर आणि रिकामं खाली अशा घाटाच्या चालीत पेट्रोल ट्रकला 12 आणि डिझेल पिकअपला 13 चं अॅव्हरेज धरा, शोरूमच्या कागदावरचा आकडा धरू नका, तो सपाट रस्त्यावरचा असतो. पेट्रोलला किलोमीटरला 8 रुपये 67 पैसे पडले, डिझेलला 7 रुपये. फरक किती, 1 रुपया 67 पैसे. वर्षाला 29 हजारांच्या आसपास वाचले. आता वरचे 2 लाख 20 हजार साडेदहा टक्क्यानं पाच वर्षांवर घेतले तर त्या जादाच्या रकमेचाच हप्ता 4,700 च्या वर बसतो, वर्षाचे 56 हजार आणि वर थोडे. शिवाय डिझेलची सर्व्हिसिंग, फिल्टर, ऑइल महाग, वर्षाला आठ-दहा हजार जादा धरा. म्हणजे वाचले 29 आणि गेले 65, नुसत्या इंधनावर बघितलं तर दीर बरोबर आहेत की हो.

पण तुमच्याच पत्रातली एक ओळ या हिशोबात अजून आलीच नाही. महिन्यातनं आठ-दहा दिवस एका फेरीत मावत नाही. 740 किलोच्या गाडीत हजार किलो घालायचा नसेल (आणि घालायचा नाहीच, त्यावर खाली येतो) तर ती दुसरी फेरी मारावीच लागणार. महिन्याला दहा धरल्या तर सीझनच्या आठ महिन्यांत 80 फेऱ्या, पाचगणीतलं फिरणं धरून एकीला 35 किलोमीटर, झाले 2800 किलोमीटर आणि 24 हजारांचं पेट्रोल. आता डिझेलचा तोटा वर्षाला बारा-तेरा हजारांवर आला. आणि त्या 80 फेऱ्यांत दाजींचे भरणं-उतरवणं धरून प्रत्येकी तीन तास गेले, म्हणजे 240 तास. बारा हजारात 240 तास परत मिळतायत, तासाला पन्नास रुपये, या भावात शेतावर गडी पण मिळत नाही हल्ली. पाच वर्षांनी हप्ता संपला की मग सगळं डिझेलच्या बाजूनं.

म्हणून मी रनिंग विचारायच्या आधी दुसरी फेरी किती वेळा होते ते विचारतो. लोक येतात, महिन्याला दोन हजार किलोमीटर होतंय दादा म्हणजे डिझेलच ना, असं काही नसतंय. रिकाम्या गाडीचे दोन हजार वेगळे आणि भरून चढावरचे दोन हजार वेगळे. तुमचा माल रोज 600 च्या आत असता तर मी डोळे झाकून पेट्रोल सांगितलं असतं.

आता घाट. पसरणी घाट म्हणजे काय हे वाईकरांना मी सांगायला नको पण इंजिनाच्या बाजूनं एकदा बघा. वाई समुद्रसपाटीपासनं 700 मीटरच्या आसपास, पाचगणी 1290 च्या आसपास. म्हणजे बारा-तेरा किलोमीटरमध्ये सगळं वजन पावणेसहाशे मीटर सरळ वर उचलायचं. माझा ढोबळ हिशोब असा की डिझेल पिकअप स्वतःचं आणि मालाचं मिळून 2300 किलो वर नेती तेव्हा नुसतं उचलण्यातच लिटरभर किंवा थोडं जास्त डिझेल जातंय, चाकांचं घर्षण वगैरे वेगळं. आणि गंमत म्हणजे हलका पेट्रोल ट्रक पासिंगएवढा भरला तरी त्याला पण लिटरभरच लागतंय. दोघांनी लिटर-लिटरच खाल्लं पण एकानं 1000 किलो चढवले आणि दुसऱ्यानं 740. डिझेल इंजिन हवा जास्त दाबून जाळतं, इंधनातली जास्त शक्ती कामाला लावतं आणि डिझेलच्या लिटरमध्ये मुळात शक्ती पण पेट्रोलपेक्षा दहाएक टक्के जास्त. मात्र डिझेल गाडीचं स्वतःचं लोखंड पण जड असतंय, त्यामुळं ती रिकामी फिरवली की सगळा फायदा तिथंच जातो.

दाजींचा जो मुद्दा आहे, घाटात दुसरं चालत नाही, तो अर्धा खरा. चालतं सगळंच, कसं चालतं ते बघायचं. शोरूममध्ये हॉर्सपॉवर सांगतात तिथं फसू नका. मारुतीच्या सुपर कॅरीचं 1.2 पेट्रोल 80 हॉर्सपॉवरचं आहे आणि टाटाच्या इंट्रा व्ही30 चं दीड लिटर डिझेल 70 चं, कागदावर पेट्रोलच जास्त! पण ते 80 मिळतात 6000 आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे), इंजिन किंचाळायला लागतं तेव्हा. ओढ म्हणजे टॉर्क बघा, तिथं पेट्रोलला 104 न्यूटन मीटर आणि ते पण 2900 ला, आणि इंट्रा, अशोक लेलँडची दोस्त या दीड लिटर डिझेलच्या गटात 140 ते 170, सतराशे-अठराशे आरपीएमपासनंच. मार्केट यार्डातला मुरलेला हमाल पोतं पाठीवर घेऊन सावकाश जिना चढतो आणि कॉलेजचा पोरगा अर्धं पोतं घेऊन पळत चढायला बघतो, तसं आहे हे.

आणि हे घाटात कुठं दिसतं तर रविवारी. खालनं पुण्या-मुंबईच्या गाड्या, पुढं एसटी, वळणावर समोरनं दुसरी एसटी आली की सगळे थांबले, तुम्ही भरलेल्या गाडीत चढावर उभ्या. आता परत उठायचंय. डिझेलवाला पहिला टाकून क्लच सोडत हँडब्रेक काढतो आणि गाडी सरकते, अॅक्सिलेटर थोडासाच. पेट्रोलवाल्याला रेस वाढवावी लागते, क्लच अर्धा दाबून धरावा लागतो, गाडी थरथरती, मग ते पुढच्या वळणावर परत, आणि दोन-तीनदा असं झालं की केबिनमध्ये तो जळका वास येतो. क्लच प्लेटचा. घाटावर पेट्रोल छोट्या गाड्यांच्या क्लच प्लेटा लवकर जातात ते याच्यामुळं, गाडी खराब असती असं नाही.

अजून एक गोष्ट शोरूममध्ये कोणी बोलत नाही. वर हवा विरळ असते. पाचगणीच्या उंचीवर समुद्रसपाटीपेक्षा हवा बारा-तेरा टक्के कमी, आणि टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाची ताकद जवळजवळ तेवढीच पडती. आजच्या डिझेल पिकअपला टर्बो असतो, तो हवा कोंबून भरून काढतो. म्हणजे चढ संपत येतो, गाडी दमलेली असते, तिथंच पेट्रोल अजून थोडं कमी पडतं.

पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असतंय हे पण धरा. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा तिसरा हिस्सा शक्ती कमी, त्यामुळं जुन्या साध्या पेट्रोलवर जे अॅव्हरेज लोक सांगतात ते आता तसंच मिळेल असं नाही. आपल्याच भागातला ऊस आहे त्यात, तक्रार तरी कुठल्या तोंडानं करायची, पण हिशोबात धरा.

आता दिरांचं. डिझेल दहा वर्षांत बंद, हे ते ऐकून आलेत ते दिल्लीचं. दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांचा नियम दिल्ली आणि आसपासच्या एनसीआर भागापुरता होता, प्रदूषणामुळं, आणि त्यावर पण कोर्टात खूप घोळ झाला. सातारा जिल्ह्यात तसं काही नाही. मालवाहू गाडीला आपल्याकडं फिटनेस काढत राहावं लागतं, आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी, ते पेट्रोलला पण आहेच.

पण बीएस6चं झंझट हा त्यांचा मुद्दा खरा आहे, तो उडवून लावू नका. एप्रिल 2020 नंतरच्या डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ नावाचा फिल्टर असतो, तो काजळी अडवतो आणि नंतर ती काजळी आतच जाळून टाकतो, पण जाळायला तो चांगला तापावा लागतो, पाचशे-सहाशे डिग्रीपर्यंत. गावातल्या गावात दोन किलोमीटर जाऊन बंद, परत चालू, परत बंद, असं रोज केलं की तो तापतच नाही, भरत जातो, मग डॅशबोर्डवर पिवळा दिवा, गाडीची ओढ कमी, आणि शेवटी वर्कशॉपला टोचन लावून. सकाळ-संध्याकाळ डेअरीला कॅन नेऊन घालणाऱ्यांच्या डिझेल गाड्यांचं हे दुखणं आहे, त्यांना मी पेट्रोलच सांगतो.

तुमचं तसं नाही. तुमची गाडी रोज सकाळी भरून बारा किलोमीटर चढणार, सायलेन्सर लालबुंद होईपर्यंत. त्या फिल्टरला याच्यासारखं औषध नाही. अंतर लहान आहे म्हणून घाबरायचं कारण नाही, चढ आहे ना. धोका वर पोचल्यावर आहे. एका हॉटेलच्या मागच्या दारात गाडी चालूच ठेवून क्रेट उतरवायचे, पावती करायची, मॅनेजरची वाट बघायची, पुढच्या हॉटेलला शंभर मीटरवर जाऊन परत तसंच, असं तास-दोन तास इंजिन नुसतं गुरगुरत ठेवलं तर चढावर साफ केलेलं तिथं भरतंय. दाजींना सांगा, उतरवताना गाडी बंद. फक्त घाट चढून आल्या आल्या लगेच चावी फिरवायची नाही, मिनिटभर तशीच चालू राहू द्या, टर्बो तापलेला असतो, त्याला ऑइल मिळत राहिलं पाहिजे. म्हणजे एक मिनिट चालू ठेवा म्हणतो आणि अर्धा तास ठेवू नका म्हणतो, दोन्ही खरंय.

पिवळा दिवा लागलाच तर गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तसं करा, बहुतेक वेळा वीसेक मिनिटं एका लयीत मोठ्या रस्त्यावर चालवली की जातो. पाचवड फाट्यापासनं हायवेला भुईंजच्या पुढं जाऊन आला तरी बास. गावातला कोणीतरी सांगेल फिल्टर काढून टाकू, पाइप मोकळा करू, गाडी पळंल. नाही करायचं. वॉरंटी जाती, पीयूसीला आणि फिटनेसला अडकती, आणि बेकायदेशीर आहे ते वेगळंच.

काही डिझेल मॉडेलना डीईएफ लागतं, युरियाचं शुद्ध द्रावण, वेगळ्या टाकीत घालायचं. तुम्ही घेताय त्या मॉडेलला लागतं का ते लेखी विचारून घ्या. लागत असेल तर घरात खताचा युरिया आहे म्हणून तो पाण्यात विरघळवून घालायची अक्कल कोणी लढवली तर हात धरा त्याचा. खताच्या युरियातल्या घाणीनं ती सगळी सिस्टिम चोंदती आणि तिचं बिल बघून रडू येईल.

तेच मामंजींच्या बॅरलचं. ट्रॅक्टरच्या जुन्या पंपाला चालून जातं म्हणून पिकअपला चालणार नाही. कॉमन रेल इंजिनात डिझेल हजार बारच्या वर दाबानं इंजेक्टरच्या केसासारख्या बारीक भोकांतनं जातं. बॅरलच्या तळाला पाणी असतंय, गंज असतोय, नरसाळ्याला धूळ असती. एक इंजेक्टर गेला की तुमच्या दोन-तीन हप्त्यांचे पैसे गेले. पंपावरनंच भरा, शक्यतो एकाच चांगल्या पंपावरनं, आणि पावसाळ्यात डिझेल फिल्टरच्या खालचं पाणी काढायला मेकॅनिकला आठवण करा, तुमच्या वरच्या बाजूला पावसाळा म्हणजे काय असतो ते तुम्हालाच माहीत.

सीएनजीवर जास्त लिहीत नाही. पेट्रोल-डिझेलच्या पुढं पैशाला स्वस्त तेच, आणि तुम्ही वाई-सातारा असा सपाट माल टाकत असता तर शोरूमवाल्याचं ऐका म्हटलं असतं. पण सिलेंडरच्या वजनानं पासिंग कमी होतं, सुपर कॅरीमध्ये 740 चं 625 होतं, गॅसवर ओढ अजून दहाएक टक्के कमी, म्हणजे जिथं आधीच कमी पडतंय तिथंच अजून कमी. पंपावरची सकाळची रांग वेगळी, आणि दूध घेऊन रांगेत कोण थांबणार. इलेक्ट्रिकचं तुम्ही विचारलं नाहीत, भरून चढणार आणि रिकामं उतरणार म्हटल्यावर उतारावर चार्जिंग परत मिळतं ते थोडंच, सध्या राहू द्या.

ओव्हरलोडचं राहिलं. दीर म्हणतील पेट्रोल घेऊ आणि मागं स्प्रिंगचा एक पाटा जादा टाकून घेऊ, हजार किलो आरामात बसतंय. बसतंय हो. पाटा टाकला म्हणून हौदा खाली बसत नाही इतकंच, ब्रेक तेच राहतात, अॅक्सल तोच, टायर तेच. आणि काही झालं तर इन्शुरन्सवाला पहिलं वजन विचारतो. तुमचं नशीब एवढंच की जड माल चढाला असतो आणि उतरताना रिकामे क्रेट, त्यामुळं ब्रेकवर तेवढा ताण नाही. तरी उतारावर न्यूट्रल करून यायची सवय असेल दाजींना तर मोडा. गिअरमध्ये असताना अॅक्सिलेटर सोडला की इंजिन इंधन घेतच नाही, न्यूट्रलला उलट थोडं पितं, म्हणजे वाचवायला जातात आणि जळतं, शिवाय ब्रेक तापतात.

आता घ्यायच्या आधी तीन-चार गोष्टी करा. कोटेशनची तारीख बघा. 22 सप्टेंबर 2025 पासनं मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी 28 चा 18 टक्के झाला, तुमच्या दोनातलं एक जरी आधीचं असेल तर तो 2 लाख 20 हजारांचा फरकच चुकीचा निघेल आणि माझा वरचा हिशोब पण. दोन्ही नवीन काढा, ऑन रोड, हौद्याचं बिल आणि इन्शुरन्ससकट. मग शोरूमकडं डेमो गाडी मागा, पण रिकामी नाही, तुमचा एका दिवसाचा खरा माल भरून, आणि पसरणी घाटात न्या. नेतील, गाडी विकायचीय त्यांना. चढावर मुद्दाम एका वळणाला थांबवायला लावा आणि परत उठवायला लावा. तुम्ही शेजारच्या सीटवर बसा, नुसतं दाजींना पाठवू नका, ते गाडी बघून खूश होऊन येतील.

हप्त्याचं म्हणाल तर पावसाळ्याचे चार महिने धंदा निम्म्यावर येतो आणि हप्ता निम्म्यावर येत नाही, तेव्हा सीझनला दर महिन्याला हप्त्याच्या निम्मी रक्कम वेगळी काढा, आठ महिन्यांत पावसाळ्याचे चार हप्ते जमा होतात बरोबर. आणि बोलेरो पिकअपसारखी अडीच लिटरची मोठी गाडी घ्यायचा मोह दाजींना होईल, रुबाबदार दिसती, ओढ पण 200 न्यूटन मीटरच्या घरात. पण तुमचा माल हजाराच्या वर जात नाही, मग जादाचं लोखंड रोज घाट चढवून डिझेल कशाला जाळायचं. दीड लिटरचीच बघा.